बोटीच्या ट्रेलरला स्टेपनी हवीच का, आणि तिच्यासोबत काय न्यायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला राहता, १८ फुटी जुनी बोट सिंगल अ‍ॅक्सलच्या ट्रेलरसकट घेतली आहे, ओढायला टोयोटा हायलँडर आहे. आतापर्यंत लेक कॉनरो तलावाच्या पुढे गेला नाहीत, आता मुलांना घेऊन टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट अरान्ससला जायचं आहे. ट्रेलरला स्टेपनी नाही, त्याचे फोटोही तुम्ही पाठवलेत. गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे, गाडीत जॅक आणि पाना आहेच. मग स्टेपनी आणि अवजारं यांवर वेगळा खर्च करायचा का, आणि केला तर स्टेपनी बांधायची कुठे?

खर्च करा. पण नुसती स्टेपनी घेऊन भागणार नाही. मी ह्यूस्टन भागात बरीच वर्षं बोटी ओढतोय, ओळखीपाळखीच्यांचे ट्रेलर दुरुस्तही करतो, त्यामुळे रस्त्याकडेला अडकलेल्यांचे फोन येतात. त्यातल्या पुष्कळांकडे स्टेपनी असते. कुणाचा नट निघत नसतो, कुणाचा जॅक ट्रेलरखाली शिरत नसतो, कुणाच्या स्टेपनीत हवाच नसते. आणि काहींचा टायर ठणठणीत असतो, गेलेलं असतं बेअरिंग. म्हणून तुमच्या प्रश्नापेक्षा उत्तर जरा मोठं होणार आहे.

आधी विम्याचं बघू. रोडसाइड असिस्टन्स बहुतेक वेळा गाडीपुरता असतो. मागे जोडलेला ट्रेलर त्यात धरतातच असं नाही. फोन करून तीन गोष्टी स्पष्ट विचारा: बिघाड फक्त ट्रेलरचा असेल तर माणूस येईल का, बोट वर असलेला ट्रेलर उचलून नेणारा फ्लॅटबेड मिळेल का, आणि किती मैलांपर्यंत. उत्तर गुळमुळीत आलं तर 'बोटयूएस'सारख्या बोटवाल्यांच्या संघटनांच्या सदस्यत्वात ट्रेलरसाठीची रस्त्यावरची मदत मिळते, ती बघा. तरीही मदत येईपर्यंत दोन-तीन तास जाऊ शकतात हे धरून चाला. रविवारी दुपारी एल कॅम्पो आणि व्हिक्टोरियाच्या मधे थांबलात तर आपल्या मुंबई-गोवा रस्त्यासारखा 'टायर पंक्चर' लिहिलेला टायर टांगलेली टपरी दिसणार नाही. आणि एसटी जातीचा (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) १४ इंची टायर गावातल्या दुकानात त्या दिवशी असेलच असं नाही.

आता टायर. ट्रेलरचे टायर झिजून फार क्वचित जातात. ते उभ्या उभ्या म्हातारे होतात. वर्षातले दहा महिने ड्राइव्हवेत, टेक्सासच्या उन्हात, एकाच जागी भार घेऊन उभे. मग एक दिवस भर उन्हाळ्यात २०० मैल. त्यात चाक छोटं. पिकअपच्या ३२ इंची टायरपेक्षा १३ इंची रिमवरचा, म्हणजे साधारण २४ इंच व्यासाचा ट्रेलर टायर त्याच वेगाला सुमारे एक तृतीयांश जास्त फेरे मारतो. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात त्याची कड वाकते, वाकली की तापते, आणि तापलेला जुना रबर थरांमधून सुटतो. पुढे बसलेल्या तुम्हाला यातलं काही जाणवत नाही. गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंग सांगतं. ट्रेलरचा टायर बसला तर बहुधा आरशात धूर किंवा रबराचे तुकडे दिसल्यावरच कळतं.

टायरच्या कडेवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही खोल दिसो, पाच-सहा वर्षांच्या पुढचा ट्रेलर टायर मी लांबच्या प्रवासाला नेत नाही. ही तारीख स्टेपनीवरही बघा. जुन्या ट्रेलरबरोबर आलेली स्टेपनी पुष्कळदा मूळ ट्रेलरच्याच वयाची निघते, आणि 'कधी वापरलीच नाही' हे विकणारा मोठ्या कौतुकाने सांगतो.

तुमच्या फोटोत एसटी२०५/७५आर१४, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) सी असं वाचता येतंय. या टायरची क्षमता ५० पीएसआयला १,७६० पौंड. दोन मिळून ३,५२०. आता वजन मांडा: बोट आणि इंजिन मिळून २,३०० ते २,५००, ट्रेलर ७००-८००, पेट्रोल गॅलनला सहा पौंडांच्या थोडं वर, शिवाय बॅटरी, नांगर, बर्फाने भरलेला कूलर, मुलांचं सामान. साडेतीन हजार कधी झाले कळत नाही. यातला सात ते दहा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, जातो म्हणून तुम्ही कागदावर पास आहात, पण हाताशी राखीव काही नाही. याच मापाचा लोड रेंज डी टायर ६५ पीएसआयला २,०४० पौंड घेतो. मी तुमच्या जागी असतो तर तीन डी टायर घेतले असते, दोन चालते आणि एक स्टेपनी. अट एकच, रिमसुद्धा तेवढ्या दाबाची हवी. रिमच्या मागच्या बाजूला भार आणि दाब ठोकलेला असतो, तो वाचल्याशिवाय ६५ भरू नका. हवा थंड टायरमध्ये, कडेवर लिहिलेल्या पूर्ण दाबापर्यंत भरायची. गाडीच्या टायरसारखी 'थोडी मऊ बरी' ही सवय इथे टायर मारते.

वेगाचंही इथेच सांगतो. एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर तो ताशी ६५ मैलांसाठी बनलाय असं समजायचं. हल्ली एल म्हणजे ७५ किंवा एम म्हणजे ८१ मैलांचे मिळतात. महामार्ग ५९ वर सगळे ७५ ने जातात, जाऊ द्या. उजव्या लेनमधून ६० ते ६५.

हायलँडरची स्टेपनी ट्रेलरला चालेल का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. गंमत म्हणजे हायलँडरचं बोल्टचं वर्तुळ ५ बोल्ट, ११४.३ मिलिमीटर, आणि तुमच्यासारख्या बहुतेक छोट्या ट्रेलरचं ५ बोल्ट, साडेचार इंच. दोन्ही एकच. त्यामुळे ती चढेलसुद्धा. पण मधलं भोक, नटाची बैठक, व्यास, भार आणि हवेचा दाब यातलं काहीही जुळत नाही, आणि गाडीची स्टेपनी ट्रेलरला लावून तुम्ही गाडीलाही उघडं पाडता. ट्रेलरची स्टेपनी म्हणजे चालत्या दोन चाकांचं तिसरं भावंड: तेच माप, तीच लोड रेंज, तेच रिम.

बांधायची कुठे? पर्याय तीन. पुढच्या दांड्याला यू-बोल्टने ब्रॅकेट कसून, विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीच्या) खांबाला, किंवा कुठेच न बांधता हायलँडरच्या मागच्या भागात. बोटीत ठेवायची नाही. ज्यांनी ठेवली त्यांना भर शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्ट्यावर, ट्रकच्या वाऱ्यात डुलणाऱ्या बोटीत चढून कव्हर सोडून चाळीस पौंडांचं चाक खाली द्यावं लागतं.

मला पुढच्या दांड्याची उजवी बाजू आवडते. इथे शोल्डर उजवीकडे असतो, म्हणजे चाक काढताना तुम्ही वाहतुकीकडे पाठ करून उभे राहत नाही. ब्रॅकेट कसण्याआधी ट्रेलर गाडीला जोडून दोन गोष्टी तपासा. हायलँडरचं मागचं दार पूर्ण वर उघडतं का, आणि रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) मागे घेताना गाडी जितकी वळते तितकी वळवल्यावर चाक बंपरला लागतं का. ब्रॅकेट पुढे सरकवून बसवलं तर दुसरी अडचण हमखास येते. विंचचा दांडा फिरवायलाही जागा राहिली पाहिजे. चाकाचं वजन हिचच्या भारात मिळतं, पण हायलँडरच्या व्हीसिक्स मॉडेलची हिच ५०० पौंडांपर्यंत घेते आणि तुमचा भार ३०० च्या आसपास असावा, त्यामुळे चिंता नको.

चाक बांधताना व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येऊ द्या. व्हॉल्व्ह आत गेला की हवा तपासायला चाक सोडावं लागतं, म्हणून कोणी तपासत नाही, आणि गरज पडते तेव्हा त्यात १५ पीएसआय असतात. वरून पांढरं किंवा कुठलंही ऊन अडवणारं कव्हर, कुलपाचा नट, आणि यू-बोल्ट गॅल्व्हनाइज्ड. दर दोन-तीन महिन्यांनी कुलूप एकदा उघडून बघा. खाऱ्या हवेत कुलूप गंजलं तर चोराआधी तुम्हीच अडकता.

एक जास्त चांगला प्रकार मिळतो: स्टेपनीच्या ब्रॅकेटलाच एक छोटा स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) असतो आणि त्यावर ग्रीस भरलेला पूर्ण हब (चाकाचा बेअरिंगवाला मधला भाग) बसवलेला असतो, चाक त्या हबला कसलेलं. म्हणजे चाक आणि हब दोन्ही एकाच जागी. तुमच्या अ‍ॅक्सलच्या मापाचा मिळाला तर डोळे झाकून घ्या.

आता जॅक. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते हवा भरलेल्या टायरवर मोजतात. तुमच्या टायरमध्ये हवा असताना अ‍ॅक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण १३ इंचांवर असतो. टायर फाटून रिम खाली आलं की तो ८ इंचांवर येतो. त्यातून अ‍ॅक्सलच्या नळीची निम्मी जाडी आणि स्प्रिंगखालची प्लेट वजा करा. खाली उरतात पाच-सहा इंच. साधा बाटली जॅक पूर्ण मिटलेला असतानाच सात-आठ इंच उंच असतो. म्हणजे घरी छान बसणारा जॅक नेमका गरजेच्या वेळी आत शिरत नाही. बरं, शिरला तरी दुसरी अडचण: पंक्चर चाक काढायला थोडं उचललं तरी पुरतं, पण भरलेली स्टेपनी चढवायला अ‍ॅक्सल पुन्हा १३ इंचांच्या वर न्यावा लागतो. बाटली जॅकचा दांडा तेवढा बाहेर येत नाही.

उपाय स्वस्त आहे. दीड इंच जाडीच्या, सहा किंवा आठ इंच रुंदीच्या फळीचे चार तुकडे कापून ठेवा, एकाला उतरती कड करा. फाटलेलं चाक गाडीने हळूच ओढून दोन तुकड्यांवर चढवा, की खाली तीन इंच जास्त मिळतात. मग जॅक लावा. अ‍ॅक्सल वर आला की हवं तर ट्रेलर टेकूवर घेऊन जॅकखालीही फळी सरकवा. फळीचा आणखी एक उपयोग: मऊ शोल्डरवर, खास करून पावसानंतर, उघडा जॅक मातीत रुततो. हायलँडरचा कात्री जॅक मिटल्यावर बुटका होतो, पण तो त्या गाडीच्या खाचेसाठी बनलाय. ट्रेलरच्या गोल किंवा चौकोनी नळीवर त्याचं डोकं घसरतं. वेगळा, किमान दोन टनांचा जॅक घ्या.

कुठे लावायचा? अ‍ॅक्सल बनवणाऱ्यांच्या पुस्तिका सांगतात की ट्रेलर अ‍ॅक्सलवर उचलू नका, चौकटीवर उचला. ते बरोबर आहे, फक्त चौकट उचलली की आधी स्प्रिंग सैल होते आणि चाक बराच वेळ जमिनीवरच राहतं, म्हणजे अजून उंच जॅक हवा. पट्ट्यांच्या स्प्रिंगचा ट्रेलर असेल तर रस्त्याकडेला मी चाकालगतच्या यू-बोल्टच्या प्लेटखाली लावतो. मधल्या नळीखाली कधीच नाही, ती वाकते आणि मग दोन्ही टायर कडेने झिजत राहतात. टॉर्शन (पट्ट्यांच्या स्प्रिंगऐवजी आतल्या रबरावर चालणारा) अ‍ॅक्सल असेल तर चौकटीखालीच, अ‍ॅक्सलच्या ब्रॅकेटजवळ.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा. गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या चाकाला पुढे-मागे अडण्या. हे सगळं होईपर्यंत नट फक्त अर्धा फेरा सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच.

नटांवर येऊ. टोयोटाचा पाना २१ मिलिमीटरचा. ट्रेलरचे नट बहुधा १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिलिमीटर, नाहीतर ३/४ इंच, म्हणजे १९ च्या जवळ. पहिल्यावर गाडीचा पाना ढिला बसतो, दुसऱ्यावर नुसता फिरतो. ढिल्या पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे गोल झाले की मग छिन्नीच. सहा कोनांचं योग्य सॉकेट आणि २४ इंचांचा ब्रेकर बार घ्या, सोबत आत मुरणाऱ्या तेलाचा डबा. गॅल्व्हेस्टनच्या खाऱ्या पाण्यात दोन-चार वेळा जाऊन आलेला नट हाताच्या छोट्या पान्याला दाद देत नाही.

बसवताना उलट. अर्ध्या इंची स्टडला (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) साधारण ९० ते १२० फूट-पाउंड लागतात, पण तुमच्या अ‍ॅक्सलच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच खरा. नट ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत कसा. आणि मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा टॉर्क रेंच लावा. नवीन बसवलेलं चाक, विशेषतः गॅल्व्हनाइज्ड रिम, दबून बसतं आणि नट सैल होतात. चाक बदलून धन्य झालेला माणूस हा भाग विसरतो. पुढच्या ४० मैलांत चाक सुटून शेजारच्या लेनमध्ये गेल्याची उदाहरणं याच विसरण्यातून घडतात.

आता हब आणि बेअरिंग, माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. टायर गेला तर स्टेपनी आहे. बेअरिंग गेलं तर दहा स्टेपन्या असून उपयोग नाही. आणि बोटीच्या ट्रेलरचं बेअरिंग इतर ट्रेलरपेक्षा लवकर जातं, कारण आपण त्याला दर खेपेला तापवून पाण्यात बुडवतो. ५० मैल धावलेला हब गरम असतो. रॅम्पवर थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग बोट उतरवून ट्रेलर आठवडाभर, महिनाभर उभा राहतो, आत पाणी, आत गंज. पुढच्या प्रवासात ते बोलतं.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, तर मागचं सील गेलं. ग्रीस दुधाळ, पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलंय. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर बेअरिंग सैल आहे किंवा संपलंय. हाताने फिरवताना खरखर आली तर शंका नकोच, बदला.

रस्त्यावर असताना साधन एकच: दर थांब्याला दोन्ही हब तपासा. इन्फ्रारेड तापमापक फार महाग नसतो, तो घ्या. एकट्या आकड्यापेक्षा दोन बाजूंमधला फरक बघायचा. दोन्ही सारखे कोमट किंवा सारखे गरम, तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त, तर तिथेच थांबून बघा. तापमापक नसेल तर हाताची पाठ जवळ नेऊन अंदाज घ्या, एकदम तळवा टेकवू नका.

सोबत काय न्यायचं? सुटे बेअरिंग नेणारे पुष्कळ असतात. पण अंधारात, शोल्डरवर, जुन्या हबमधून रेस (बेअरिंग ज्यात फिरतं ती कडी) ठोकून काढणं आणि नवीन सरळ बसवणं हे काम नको. घरीच पूर्ण हब तयार करून न्या: नवीन हब, दोन्ही रेस बसवलेल्या, दोन्ही बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरलेलं, मागचं सील ठोकलेलं, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात. वेगळ्या छोट्या पिशवीत वॉशर, स्पिंडलचा खाचांचा नट, तीन-चार कॉटर पिना आणि टोपी. जुना हब ओढून काढायचा, स्पिंडल पुसायचा, नवीन सरकवायचा, नट हाताने घट्ट करून मग चाक मोकळं फिरेल इतका मागे घ्यायचा, पिन घालून वाकवायची. सराव असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम.

माप आधी ओळखा. साडेतीन हजार पौंडांच्या बऱ्याच अ‍ॅक्सलना आतलं बेअरिंग एल६८१४९ आणि बाहेरचं एल४४६४९ असतं. हलक्या, एक पूर्णांक एक सोळांश इंचाच्या सरळ स्पिंडलला दोन्हीकडे एल४४६४९. पण जुन्या ट्रेलरवर कोणी काय बसवलं असेल याचा नेम नाही. एक बाजू उघडून बेअरिंगवर कोरलेला आकडा आणि सीलवरचा आकडा वाचा, फोटो काढा, मग हब मागवा. कधीकधी डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळं निघतं, म्हणून दोन्ही उघडा.

याची मर्यादाही सांगतो. बेअरिंग इतकं तापलं की आतली रेस स्पिंडलला वितळून चिकटली किंवा स्पिंडलच निळा-काळा होऊन खाल्ला गेला, तर तयार हब चढणार नाही. तिथे फ्लॅटबेडच. म्हणूनच दर थांब्याला हात लावायचा, चाकातून आवाज येईपर्यंत वाट बघायची नाही.

तुमच्या हबवर स्प्रिंगवाल्या, ग्रीस भरायच्या टोप्या दिसतात. त्या चांगल्या आहेत, पण ग्रीस गन लावून 'अजून थोडं, अजून थोडं' करत राहिलात तर दाबाने मागचं सील बाहेर येतं. टोपीतली चकती थोडी पुढे सरकली की थांबा. ग्रीस पाण्यात टिकणारं, मरीन जातीचं, आणि आधी जे आहे त्याच जातीचं. दोन वेगळ्या जातींची भेसळ पातळ होऊन वाहून जाऊ शकते. आधी काय भरलंय हे माहीत नसेल, आणि जुनी बोट घेणाऱ्याला ते नसतंच, तर सगळं धुऊन नव्याने भरा.

ब्रेकचं थोडक्यात. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, आणि तुमच्या ट्रेलरला ते दिसत नाहीत, म्हणून तुमचा सुटा हब साधा चालेल. पुढे मोठा ट्रेलर घेतलात तर डिस्कसकट हब, कॅलिपर, नळ्या, हे प्रकरण वेगळं होतं.

बाकीचं सामान पटकन सांगतो. पट्टीचा १२ व्होल्टचा कंप्रेसर, पण ६५ पीएसआयपर्यंत खरोखर नेणारा. स्वस्तातले चाळीसला दमतात. चांगला प्रेशर गेज. खिळा घुसलाय आणि टायर शाबूत आहे अशा वेळेसाठी प्लगचा संच. एक जास्तीचा रॅचेट पट्टा, कारण बोटीचा मागचा पट्टा उन्हाने कुजतो आणि तुटतो तो वाऱ्यात. डोक्याला लावायचा दिवा, जाड हातमोजे, चमकणारे जॅकेट, तीन परावर्तक त्रिकोण, जुनी ताडपत्री, पिण्याचं पाणी. वायरसाठी टेस्ट लाइट, फ्यूज, थोडी वायर, जोडण्या. चार वायरींच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावीकडचं वळण आणि ब्रेक, हिरवी उजवीकडचं. दिवे वेडेवाकडे पेटायला लागले, एक इंडिकेटर दिला की सगळेच मंद लुकलुकले, तर बल्ब बदलत बसू नका. आधी पांढरी वायर चौकटीला जिथे कसलीये तो गंजलेला स्क्रू घासा. टेक्सासने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी २०२५ च्या सुरुवातीपासून बंद केली आहे, तेव्हा हे दिवे लागतात का हे तुमच्याशिवाय कोणी बघणार नाही.

हे सगळं प्लास्टिकच्या एका झाकणाच्या खोक्यात, आणि खोकं गाडीत, सामानाच्या सगळ्यात वर किंवा मागच्या सीटच्या पायाशी. कूलर, खुर्च्या, बॅगा उपसल्यावर मिळणारं खोकं नसल्यातच जमा.

चाक डावीकडचं गेलं तर? शोल्डर अरुंद असेल तर तिथे बसून ते बदलू नका. धोक्याचे दिवे लावून, ताशी दहा-पंधरा मैलांनी, फाटक्या टायरवर पुढच्या एक्झिटपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत न्या. रिम खराब होईल, होऊ द्या. जवळ येणाऱ्या गाड्यांनी लेन बदलावी किंवा वेग कमी करावा असा कायदा टेक्सासमध्ये पोलीस, टो ट्रक वगैरेंसाठी आहे; फोनकडे बघत चालवणाऱ्याला तुम्ही त्या चाकाशी वाकलेले दिसाल यावर भिस्त नको. मुलांना गाडीत बसवू नका. शोल्डरच्या पलीकडे, कठड्यामागे किंवा गवतात, गाडीपासून दूर उभी करा. उजवीकडचं चाक असेल आणि जागा रुंद असेल तर तिथेच बदला, पण गाडी शक्य तितकी उजवीकडे घेऊन.

निघायच्या आधीच्या शनिवारी ड्राइव्हवेत एक तालीम करा. उजव्या टायरमधली सगळी हवा सोडा, बोट वर असताना. मग फक्त खोक्यातलं सामान वापरून स्टेपनी चढवा, घरातून काहीही आणायचं नाही. गॅरेजमध्ये धाव घ्यायची वेळ आली की काय राहिलं ते कळतं. पत्नी किंवा मोठा मुलगा सोबत असू दे. फळीवर चाक चढवताना एकाने गाडी हलवायची आणि एकाने बघायचं. आणि ती स्टेपनी लगेच उतरवू नका. तिच्यावर दहा-वीस मैल फिरून या, म्हणजे ती गळत नाही, डुलत नाही हेही समजेल.

प्रवासाच्या दिवशी पहिला थांबा रोझेनबर्गला, लवकर का होईना. पहिल्या दहा-पंधरा मैलांतच सैल नट आणि कोरडं बेअरिंग बोलतात. दुसरा एल कॅम्पोला, तिसरा व्हिक्टोरियाला, नंतर महामार्ग ७७ ने खाली. दर थांब्याला हब, टायर, पट्टे, साखळ्या, प्लग. पाच मिनिटं लागतात आणि मुलांनाही पाय मोकळे करायचे असतातच. अरान्सस पास गावाहून फेरीबोटीने पलीकडे जाताना रांग असेल तर ती तुमच्या फायद्याची, तेवढ्यात हब थंड होतात. रॅम्पवर पोचल्यावरही बोटीत सामान भरणं, पट्टे सोडणं, बुच लावणं ही कामं आधी करा, दिव्यांचा प्लग काढा, आणि हबला हात लावून पाहिल्यावरच ट्रेलर पाण्यात घाला.

परतायच्या आदल्या संध्याकाळी ट्रेलर गोड्या पाण्याने धुताना स्टेपनीचं ब्रॅकेट आणि तिचे नटही धुवा, आणि दोन्ही टोप्या काढून ग्रीसचा रंग बघा. दुधाळ दिसलं तर तिथेच, उजेडात, सगळं पुसून नव्याने भरून घ्या आणि पहिल्या दोन थांब्यांमधलं अंतर निम्मं करा. घरी आल्यावर दोन्ही सील बदलायची.